बसण्याची तालीम

हेडमास्तरांच्या खोलीबाहेर, दाराच्या उजव्या अंगाला, चुन्याच्या भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला तळपायाचा एक काळपट ठसा होता. तो दादांचा, शाळेच्या चपराशाचा. एक पाय जमिनीवर, दुसऱ्याचा तळवा मागे भिंतीला टेकवलेला आणि पाठ मात्र भिंतीपासून चार बोटं दूर, असे ते दिवसभर उभे असत. पाठ टेकली की माणूस आराम करतोय असं साहेबलोकांना दिसतं, म्हणून पाठ टेकायची नाही. पायाकडे कोण बघतो, म्हणून पाय टेकायचा. दर उन्हाळ्यात शाळेला चुना लागे आणि ठसा पुसला जाई. दिवाळीपर्यंत तो पुन्हा उमटलेला असे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. म्हणजे ती तुमच्या समोर असतील, तुम्ही पाहिलंच असेल असं नाही. कचेरीच्या, शाळेच्या, दवाखान्याच्या दाराशी ती उभी असतात आणि आपण त्यांच्या बाजूने आत जातो.

मी त्या शाळेत सहायक मास्तर म्हणून लागलो तेव्हा मिसरूड नुकतं फुटलं होतं आणि डोकं भडकलेलं होतं. माझे वडील वर्ध्याच्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. बिघडलेली पत्रकं ते घरी आणत आणि आई त्यात भाकरी बांधून देई. इतर पोरं बाराखडीवर वाचायला शिकली. मी ‘बंधूंनो, जागे व्हा’वर शिकलो. भाकरीला कधी कधी शाईचा वास यायचा. अजूनही मला अन्याय दिसला की पोटातच आधी काहीतरी होतं, त्याचं कारण बहुधा तेच असावं.

पहिल्या दिवशी मी दादांना विचारलं, “तुम्ही किती वर्षं आहात या शाळेत?”

“नवाच आहो जी,” ते म्हणाले. “आठवडा झाला असन.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. कानशिलं पांढरी, हातावर घंटेच्या दोरीचा घट्टा. आतून हेडमास्तर हसले. “अहो, मी इथं विद्यार्थी होतो तेव्हा हाच घंटा वाजवत होता.”

दोघंही खरं बोलत होते. आमची शाळा जनपद सभेची. जनपद म्हणजे तेव्हा तालुक्याचा कारभार पाहणारी निवडून आलेली सभा. तिचा रिवाज असा की उन्हाळ्याची सुट्टी लागली की चपराशी, झाडूवाले, पाणी भरणाऱ्या बाया, सगळ्यांना कामावरून कमी करायचं आणि जूनच्या अखेरीला पुन्हा ‘नवीन’ म्हणून नेमायचं. मध्ये खंड पडला की नोकरी सलग होत नाही आणि सलग झाली नाही की माणूस कायम होत नाही. मास्तरांना सुट्टीचा पगार; यांना सुट्टीत सुट्टी. असा हिशेबी अन्याय ज्याच्या डोक्यातून निघाला त्याने तो नक्कीच बसून शोधला असणार. उभ्या माणसाला असं सुचत नाही.

दादांनी त्याची गंमत करून टाकली होती. दर जूनला शाळा उघडली की ते धुतलेलं धोतर नेसून, टोपी नीट करून हेडमास्तरांच्या दारात उभे राहत आणि विचारत, “शाळा हेच का जी? मी नवा मानूस आलो. ठिवून घेता का?” हेडमास्तर हसत. मास्तर हसत. मला हसू यायचं नाही. मी म्हणालो, “दादा, तुम्ही हे हसण्यावारी का नेता?”

“मंग काय करू? दरसाल रडू का? रडाले बी नवंनवं पायजे, मास्तर.”

शाळेत सगळे त्यांना अरे-तुरे करत. मी अहो-जाहो केलं तेव्हा पहिले काही दिवस ते मागे वळून बघायचे, दुसरं कोणी आलंय का म्हणून.

छप्पनच्या दसऱ्याला ते नागपूरला गेले. हजारोंनी माणसं गेली होती. आमच्या गावातून बैलगाड्यांची रांग लागली होती. परत आले ते पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन. मी अभिनंदन केलं. नेहमीसारखे हसले नाहीत. म्हणाले, “आता खरंच नवा झालो, मास्तर. पन हे नवं निराळं हाये. हे दरसाल नाई करा लागत.”

आता यमुनाबाईची ओळख करून द्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. यमुनाबाई शाळेत पाणी भरायची. विहिरीवरून घागरी आणायच्या, व्हरांड्यातले रांजण भरायचे आणि मधल्या सुट्टीत पोरांच्या ओंजळीत गडव्याने पाणी ओतायचं. नवरा नव्हता, मूल नव्हतं, तोंड मात्र होतं. हेडमास्तरही तिच्यासमोर हळू बोलत. पूर्वी दादांचा हात रांजणाला लागू नये अशी व्यवस्था होती. व्यवस्था हा शब्द मी मुद्दाम वापरतो. अशा गोष्टींना लोक हाच शब्द वापरतात. दादा ओंजळ धरत आणि यमुनाबाई वरून पाणी ओतायची. मग एका मधल्या सुट्टीत, सगळ्या मास्तरांच्या देखत, तिने गडवाच त्यांच्या हातात दिला.

“घ्या तुमच्या हातानं. माहा हात दुखून राह्यला.”

एक मास्तर म्हणाले, “बाई, हे काय?”

“हात दुखून राह्यला म्हनलं ना. तुमी ओतता का?”

ते ओतणार नव्हतेच. दुसऱ्या दिवशीही तिचा हात दुखत होता. नंतर तो कधी बरा झालाच नाही. घागरी मात्र ती त्याच हाताने आणायची. ही गोष्ट मी शाळेत यायच्या आधीची. मला दादांनी सांगितली आणि सांगताना गडवा कसा धरला ते हाताने दाखवलं.

मी युनियन काढायचं ठरवलं. एका बैठकीत पत्रक लिहिलं. त्यात ‘गुलामगिरीच्या शृंखला’ होत्या, ‘उगवत्या सूर्याची लाली’ होती, ‘श्रमिकांचा हुंकार’ दोनदा होता. दादांना वाचून दाखवलं. त्यांनी एक पाय भिंतीला लावून शेवटपर्यंत ऐकलं.

“लय चांगलं हाये,” ते म्हणाले. “कोनाच्या बाऱ्यात हाये?”

“तुमच्याच.”

“आमच्या? आमची घंटा नाई त्यात, झाडू नाई, रांजन नाई. उन्हाळा बी नाई.” मग थोडं थांबून, “अन स्टूल घाला.”

“कसलं स्टूल?”

“बसाचं. तहसिलीतल्या चपराश्याले स्टूल हाये. आमाले नाई.”

मी म्हणालो, “दादा, ही मोठी लढाई आहे. यात स्टूल कुठं घालता? क्रांतीत स्टूल शोभत नाही.”

“काऊन? क्रांतीत बसाले नाई भेटत का?”

मी उन्हाळा घातला, घंटा घातली, सूर्याची लाली काढून टाकली. स्टूल घातलं नाही.

पत्रक छापायला आम्ही बसने वर्ध्याला गेलो. बस अर्धी रिकामी होती. दादा दांडा धरून उभे. कंडक्टर म्हणाला, “बसा ना बाबा, जागा हाये.” दादा म्हणाले, “राहू द्या जी, बरं हाये.” कंडक्टरला वाटलं यांना तिकीट काढायचं नाही. त्याने तिकीट मागितलं. दादांनी काढून दाखवलं. “मंग बसत काऊन नाई? तिकीट बसाचं हाये.” दादा कसेबसे टेकले, पण बाकाच्या अगदी कडेला, कोणी उठवलं तर लगेच उठता यावं असे. पवनारजवळ धाम नदीचा पूल आला. बसमधले सगळे खिडकीतून नदीकडे बघत होते. दादांनी खिडकीची बाजू सोडलेली. त्यांना समोरच्याच्या पाठीपलीकडे काही दिसलं नाही.

पहिली सभा एका रविवारी दुपारी, आमच्याच शाळेच्या एका वर्गात भरली. गावातल्या जनपदाच्या सगळ्या शाळांमधले लोक आले. उर्दू शाळेचे चाचा आले, दोन झाडूवाले आले, माळी आला, यमुनाबाई आली. यमुनाबाईनेच घरची ठिगळं लावलेली सतरंजी आणली आणि ती अंथरायला आलेल्यांपैकी प्रत्येकजण धावला. चौघांनी चार कोपरे ओढले, पाचवा मधली सुरकुती काढू लागला. इतकी ताणलेली सतरंजी मी जन्मात पाहिली नाही. अंथरून झाली आणि सगळे मागे सरकून भिंतीला लागून उभे राहिले. सतरंजी मध्ये रिकामी. आयुष्यभर त्यांनी सतरंज्या अंथरल्या होत्या त्या दुसऱ्यांना बसायला. शिवाय कोणाशेजारी कोणी बसायचं हाही प्रश्न होता, तो कोणी बोलत नव्हतं एवढंच.

यमुनाबाईने पदर खोचला आणि बरोबर मध्ये जाऊन बसली. “या ना. सतरंजी माही हाये. मी सांगतो कोन कुठी बसन ते. दादा, तुमी इथं. चाचा, तुमी तिथं.” मग हळूहळू सगळे बसले.

मी खुर्चीवर. समोर टेबल, टेबलावर माझी स्वतःची आणलेली घंटी. सभा म्हणजे घंटी हवीच, हे मी पत्रकांतून शिकलो होतो. मी बोलू लागलो, खाली कुजबुज सुरू झाली. शांतता व्हावी म्हणून मी घंटी वाजवली.

टिंग.

सगळी सभा एका झटक्यात उभी राहिली. चाचा तर दारापर्यंत पोचले आणि वळून म्हणाले, “जी साहब?” माळ्याने सवयीने हात पुसले. माझा हात घंटीवर तसाच.

यमुनाबाई आधी हसली. ती सुद्धा उभी होती. मग सगळे हसले. चाचा दाराची चौकट धरून हसले. दादा हसता हसता खाली बसले, डोळे पुसले आणि म्हणाले, “मास्तर, आपल्या युनियनचं पयलं काम सापडलं. आदी बसाले शिका लागते.”

तर आमच्या युनियनने पहिले कितीतरी रविवार दुसरं काहीही केलं नाही. मागण्यांवर चर्चा नाही, घोषणा नाहीत. मी घंटी वाजवायची आणि त्यांनी उठायचं नाही. तुम्हाला हे सोपं वाटेल. करून बघा. चाचा म्हणायचे, “क्या बोलूं मास्टर, कान सुनता नहीं, पाँव सुनते.” त्यांनी दोन्ही गुडघे हातांनी दाबून धरले. माळी सतरंजीच्या दशा मुठीत पकडायचा. यमुनाबाईने अडकित्ता आणला. सुपारी कातरताना हात गुंतलेले असले की उठायची आठवण होत नाही, असा तिचा शोध. दादा तालीममास्तर. ते रांगेतून फिरत, कोणाची टाच उचलली जाते ते बघत. “टाच पाहा, टाच. मानूस आदी टाचेतून उठते.”

“आणि तुमची?” मी विचारलं. “तुम्ही तर उभेच आहात.”

ते बसले. मी घंटी वाजवली. ते उठले.

सगळ्यात कठीण गेलं ते त्यांनाच. पण शिकले. एके रविवारी मी घंटी वाजवत राहिलो आणि ते बसून राहिले, कपाळावर घाम, ओठ दाबलेले. शेवटी म्हणाले, “आता थांबा जी. घंटीले बी दमू द्या.”

माझ्या काही मित्रांनी मला हसून घेतलं. ही कसली युनियन, म्हणाले, बसायला शिकवते. आम्ही तर कामगारांना उठवतो. मी त्यांच्याशी वाद घातला आणि वादात हरलो. पण मला आजही वाटतं, ‘उठा’ म्हणणारी पत्रकं पुष्कळ निघाली. ती ज्यांना वाटली ते सगळे आधीच उभे होते.

एप्रिल आला. सुट्टी जवळ आली आणि एक बातमी पसरली. यमुनाबाईला या जूनमध्ये घ्यायचं नाही. तिच्या जागी जनपदाच्या अध्यक्षांच्या सासुरवाडीकडच्या एका बाईला लावायचं. ‘काढायचं’ असं कोणी म्हणत नव्हतं. काढण्याची गरजच नव्हती. उन्हाळ्यात ती आपोआप निघणार होती, जूनमध्ये बोलवायचं नाही की झालं.

यमुनाबाई त्या दिवशी पोरांना पाणी देताना नेहमीसारखी रागावली नाही. पोरं घाबरली. एकाने मला येऊन विचारलं, “गुरुजी, बाई आजारी आहे का?”

मी पेटलो. हरताळ, म्हणालो. सोमवारपासून एकही घंटा वाजणार नाही, एकही खोली उघडणार नाही.

दादांनी मान हलवली. “घंटा नाई वाजली तं पोट्टे नाचतीन, मास्तर. परीक्षा हाये त्याइची. नुकसान पोट्ट्याइचं, अन अध्यक्षाले पत्ता बी नाई लागाचा. त्याचं पोट्टं नागपूरले शिकते.”

“मग गप्प बसायचं?”

“हाव,” दादा म्हणाले. “बसाचं. पन त्याइच्या समोर बसाचं. शनिवारी पेपर नाई, अन सभा हाये जनपदाची. आपलं म्हननं एकच: उन्हाळ्यात कोनाले काढाचं नाई. जागा रिकामी झालीच नाई तं दुसरी बाई बसन कुठी? उत्तर भेटेपर्यंत उठाचं नाई. येवढं आपल्याले आता येते.”

सुपारी कातरता कातरता यमुनाबाई म्हणाली, “अन पोलिसाले बलावलं तं?”

“बलावाले कोनाले धाडतीन? आपल्यालेच.”

शनिवारी सकाळी सभेच्या हॉलमध्ये सदस्य खुर्च्यांवर बसले होते. सभेच्या दिवशी चहापाण्याला आणि फायलींना शाळांचेच चपराशी लावत. छताला पंखा नव्हता, उन्हाची झळ दारातून आत येत होती. आम्ही आत गेलो. मी मास्तर असून त्यांच्यात होतो, त्यामुळे दोन-तीन भुवया वर गेल्या. दाराजवळच्या मोकळ्या जागेत सतरंजी अंथरली, या वेळी दोघांनीच, आणि सगळे बसले. मी पत्रक अध्यक्षांसमोर ठेवलं. त्यांनी वाचलं, उलटं ठेवलं.

“ठीक आहे, विचार करू. जा आता.”

“करा जी विचार,” दादा बसूनच म्हणाले. “आमी बसलो आहो.”

अध्यक्षांनी घंटी वाजवली.

त्यांच्या घंटीचा आवाज माझ्या घंटीपेक्षा मोठा होता, पितळी, हुकमी. तालमीत आम्ही तो धरलाच नव्हता. चाचांचे हात गुडघ्यांवर पांढरे पडले. माळ्याने दशा धरल्या. मी दादांच्या टाचेकडे पाहिलं. ती उचलली गेली, थरथरली आणि पुन्हा खाली टेकली.

अध्यक्षांनी पुन्हा वाजवली. मग पुन्हा. यमुनाबाईचा अडकित्ता तेवढा वाजत होता. कट. कट.

“अरे, बाहेर कोण आहे?” अध्यक्ष ओरडले.

“बाहेर कोनी नाई जी,” दादा म्हणाले. “समदे अंदर आहो.”

मागच्या रांगेतले एक म्हातारे वकील सदस्य खोकल्यासारखं काहीतरी करून हसले. सभा पुढे सरकेना. फाईल आणायला कारकुनाला स्वतः उठावं लागलं. चहा आला नाही. अध्यक्षांनी नियमांवर बोलायला सुरुवात केली. हंगामी म्हणजे हंगामी, सुट्टीत काम नाही तर माणूस कशाला, असं बरंच. आवाज चढला आणि त्या कोरड्या उन्हात त्यांना ठसका लागला. साधासुधा नव्हे. डोळे बाहेर आले, चेहरा लाल झाला. रांजण व्हरांड्यात. सदस्य एकमेकांकडे आणि मग सगळे मिळून सतरंजीकडे बघू लागले.

यमुनाबाई उठली.

चाचा कुजबुजले, “अरे बाई, बैठो.” दादांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. बाई बाहेर गेली, गडवा भरून आणला, अध्यक्षांच्या हातात दिला आणि त्यांच्या पाठीवर, आपल्या घरच्या पोराच्या थोपटावं तसं, दोनदा थोपटलं. “हळू प्या जी. घाई नाई.” मग परत येऊन सतरंजीवर आपल्या जागी बसली आणि अडकित्ता उचलला.

मला वाटलं, झालं, संपलं. घंटीला नाही उठलो आणि ठसक्याला उठलो.

दादांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं असावं. हळूच म्हणाले, “घंटीले नाई उठली ना थे. मानसाले उठली. ते चालते.”

अध्यक्षांनी पाणी संपवलं. श्वास आला. बोलायला काहीतरी हवं म्हणून त्यांनी विचारलं, “बाई, कोणत्या शाळेवर तुम्ही?”

यमुनाबाईने दादांकडे पाहिलं. दादा म्हणाले, “माध्यमिकच्या शाळेवर जी. यमुनाबाई म्हनते त्याइले. नवीच हाये.”

“नवी?” म्हातारे वकील पुढे वाकले. “ही नवी? माझ्या थोरल्याला हिनं पाणी पाजलंय. थोरल्याच्या मिशा पिकायला लागल्या.”

“नवीच हाये जी,” दादा शांतपणे म्हणाले. “मी बी नवाच आहो. आमी समदे मागच्या जूनमंदी लागलो. कागदावर पाहून घ्या.”

वकील हसू लागले. त्यांच्याबरोबर शेजारचे हसले, मग हॉलचा मागचा अर्धा भाग. अध्यक्ष हसले नाहीत. पण गडवा त्यांच्या हातात होता, ज्या बाईची जागा त्यांनी देऊन टाकली होती तिचाच, आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं.

यानंतर लगेच न्याय झाला असं समजू नका. वाद झाला. जेवणाची वेळ झाली, टळली. सदस्यांना भूक लागली. आम्हाला सवय होती. वकिलांनी मांडलं की शाळेला सुट्टी असली तरी शाळेची विहीर, झाडं, दारं सुट्टीवर जात नाहीत, तेव्हा माणसंही उन्हाळ्यात कामावरच ठेवावीत. कोणीतरी अनुमोदन दिलं, भुकेमुळे असेल. हात वर झाले. अध्यक्षांचा सगळ्यात शेवटी.

“झालं ना मनासारखं?” ते म्हणाले. “उठा आता.”

कोणी उठलं नाही. सगळे दादांकडे बघत होते.

“एक राह्यलं जी,” दादा म्हणाले. “स्टूल.”

मी कपाळाला हात लावला. पण आता हसणं अध्यक्षांनाही आवरलं नाही. “द्या रे त्याला एक स्टूल,” ते म्हणाले. “नाहीतर इथंच बसून राहील.”

“एक नाई जी. परत्येक शाळेले एक.”

मग दादा उठले. आधी ते, नंतर बाकीचे. सतरंजीची घडी यमुनाबाईने स्वतः घातली, कोणाला हात लावू दिला नाही.

तो उन्हाळा मी विसरणार नाही. बंद शाळेत ते रोज येत. सडा घालत, झाडांना पाणी देत, मग निंबाच्या सावलीत बसत. यमुनाबाई रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीवानांना हाका मारून पाणी पाजत होती, कोण कुठला हे न विचारता. जूनमध्ये शाळा उघडली. दादा धुतलेलं धोतर नेसून हेडमास्तरांच्या दारात आले. सगळे मास्तर नेहमीची गंमत ऐकायला जमले होते. हेडमास्तरांनीच सुरुवात करून दिली. “काय, नवा माणूस आला का?”

दादांनी तोंड उघडलं आणि थांबले. मग टोपी काढून हातात घेतली.

“नाई जी. जुनाच आहो.”

कोणी हसलं नाही. दादांनी बाहेर जाऊन घंटा वाजवली. ती जरा जास्तच वेळ वाजली.

पुढे त्यांची बदली झाली, नदीपलीकडच्या एका खेड्यातल्या शाळेवर. मी संतापलो. सूड आहे हा, म्हणालो, पत्रक काढू. दादा मात्र खूश.

“मास्तर, हंगामी मानसाची बदली होते का कधी? त्याले तं नुसतं काढते. बदली कायम मानसाचीच होते. तिथल्या लोकाइले अजून बसता नाई येत म्हनते. शिकवतो.” मग बसमध्ये चढले. खिडकीपाशी बसले, अगदी पाठ टेकून. बस सुटताना हात बाहेर काढून म्हणाले, “येजा कधी. स्टूल देतो बसाले.”

यमुनाबाई आहे. तिचा हात अजून दुखतो आणि आता शाळेतलं प्रत्येकजण आपापल्या हाताने पाणी घेतं.

परवा मी हेडमास्तरांच्या खोलीवरून जात होतो. भिंतीला नवा चुना लागून वर्ष होत आलं, तरी गुडघ्याच्या उंचीला भिंत स्वच्छ आहे. तिथे स्टूल आहे. स्टुलावर नवा चपराशी बसला होता, दुसऱ्या गावाहून आलेला, दादांना कधी न पाहिलेला, पाठ भिंतीला टेकवून तळहातावर तंबाखू मळत. आतून घंटी वाजली. मी थांबलो. माझीच टाच उचलली गेली असावी.

त्याने तंबाखूवर दोन थापट्या मारल्या, चिमूट दाढेखाली ठेवली, हात झटकले.

“आलो जी,” तो म्हणाला आणि मग उठला.

त्याला कोणी तालीम दिली नव्हती.